ढेकर रोखून धरा

पहाटे सहाला आमची बस बंदरात उभी राहते,
मासळीबाजाराच्या बर्फयंत्राला टेकून.
आत एक कलणारं टेबल, एक काचेची खोली, आणि मी.
बाहेर रबरी बुटांची रांग,
काल रात्री नऊपासून उपाशी.

एकोणीस वर्षं मी पोटं बघते.
आधी पावडर, घोटभर पाण्याबरोबर: पोट फुगतं.
मग पेलाभर बेरियम, कालवलेल्या चुन्यासारखं जड,
स्ट्रॉबेरीचा वास उगाचच.
आणि माइकवरून माझं ठरलेलं वाक्य:
ढेकर रोखून धरा.

अवघड असतं ते.
माणूस जन्मभर काय काय गिळून बसतो
आणि नेमका इथे, सात मिनिटांत, हरतो.

शिमोकावारा तोकुझो. एकाहत्तर. माकुळाच्या होडीवर चाळीस वर्षं.
हातात नगरपालिकेचं कार्ड, बायकोच्या नावाचं.
"ती एप्रिलमध्ये गेली," म्हणाला. "कार्ड वाया जायला नको."
नियमात बसत नव्हतं. मी नवा फॉर्म दिला.

पोट दुखतं का? नाही.
कधी दुखतं? रात्री तीनला.
मग काय करता?
चौकोनात मावेना म्हणून समासात लिहिलं होतं:
ती मुळा किसून द्यायची. आता उठून बसतो.

टेबल कललं. डोकं खाली, पाय वर.
उजवीकडून पूर्ण गिरकी. पालथे व्हा. श्वास थांबवा.
दांड्या न धरता वळणारा तो पहिलाच,
जणू खालून लाटच येत होती.
पडद्यावर पांढरं ओघळलं, घड्या उजळल्या,
आणि एका वळणावर थांबलं.
मसुराएवढं डबकं.
ओहोटीनंतर खडकाच्या खळग्यात राहतं तसं,
आणि सगळ्या घड्या त्याच्याकडे तोंड करून.

मला बोलायची परवानगी नाही.
फोटो वाचणारे डॉक्टर शहरात,
पत्र जायला तीन आठवडे.
त्याच्या पोटातलं मी माझ्या पोटात ठेवलं.
"झालं. आता ढेकर दिलात तरी चालेल."
तो जरा थांबला, वाट पाहिल्यासारखा,
मग कमरेत वाकून म्हणाला,
"खाली गेला कधीच."

दोन गुलाबी गोळ्या जुलाबाच्या, पाणी भरपूर,
उद्या पांढरं होईल, घाबरू नका:
हे मात्र मला सांगता येतं.
बस बंद केल्यावर खण उघडला,
माझीही जळजळ असते, औषधाचं पाकीट फाडलं,
उभ्यानेच घेतलं.

पुढचं कागदांवरून कळलं.
दुर्बीण. चिमटीतला तुकडा. कर्करोग नाही.
जठराचा व्रण, आणि त्यामागे एक पिळदार जंतू,
बहुधा लहानपणापासूनचा,
साठ-पासष्ट वर्षं भाडं न देता राहिलेला.
तीन औषधं, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस.
"बरं वाटलं तरी थांबवू नका"
याच्याखाली कुणीतरी दोनदा रेघ ओढलेली.

पुढच्या ऑक्टोबरात आला.
दवाखान्याने दुर्बिणीला बोलावलं होतं,
"तिथे टेबल हलत नाही," म्हणाला.
या खेपेला कार्ड स्वतःच्या नावाचं.
रात्री तीनला? झोपलेला असतो.
मुळा?
त्याने बोटांची टोकं दाखवली, सोललेली.
"किसणी तिचीच आहे. मला ओळखत नाही अजून."

बेरियम प्यायला, आडवा झाला, गिरकी अर्धी झाली
आणि काचेपलीकडून आला:
लांब, खर्जातला,
पंगतीत शेवटच्या भातानंतर येतो तसा.
दारात उभी असलेली बाई हसली,
मग बाहेरची रांग.
तो टेबलावर उलटा, कान लाल, माफी मागतोय.

नियम म्हणजे नियम.
पुन्हा पावडर, पुन्हा बेरियम, पुन्हा पहिल्यापासून.
डबक्याच्या जागी नुसत्या घड्या,
एका टाक्यात गोळा केलेल्या कापडासारख्या.
डॉक्टर काय ते लिहितील.

फॉर्मवर एक रकाना असतो,
"तपासणीत अडथळा".
मी लिहिलं: काही नाही.